पायाला बांधलेली दोरी

लष्करात काश्मीरला असताना बर्फाचं पोट फाडून बघणं हे माझं काम होतं. उतारावर पुरुषभर खड्डा खणायचा, एकेका थरात मूठ दाबायची आणि घट्ट थराखाली साखरेसारखे सुटे दाणे लागले की उतार कोसळणार हे ओळखून ताफा अडवायचा. प्रत्येकाने कमरेला लांब लाल दोरी बांधायची, म्हणजे बर्फ अंगावर आला तरी तिचं टोक वर राहतं आणि कुठे खणायचं ते कळतं. एका जवानाने ती हसत सोडून ठेवली. तो आम्हाला उन्हाळ्यात सापडला.

पुढे मी शारजात एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर झालो. एका थंडीत, पाऊस पडून गेल्यावरच्या शुक्रवारी, आम्ही खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांबरोबर डबे घेऊन वाळवंटात गेलो. जेवणं होईपर्यंत पोरांनी वाळूच्या टेकडीच्या उभ्या बाजूला गुहा खणली होती. बाहेरची ओली वाळू घट्ट होती. मी आत हात घातला तर मागच्या भिंतीतून कोरडी वाळू सुळसुळ गळत होती आणि माझी मुलगी तिथेच बसली होती. मी तिला तंगडी धरून बाहेर ओढलं. तिचा गुडघा सोलवटला. "बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग," ती रडत म्हणाली. गाडीतलं फावडं आणून मी गुहा पाडायला निघालो, तशी त्या शेजाऱ्यांपैकी एकाने माझी कॉलर धरली. मी त्याला ढकललं, त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला, ओठ फुटला. दोघातिघांनी मला धरून ठेवलं.

"हे काश्मीर नाही, हबीबी," तो म्हणाला. "मी आत जाऊन दाखवतो. मग पोरं खेळतील, खलास."

माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. निदान गाडी ओढायची दोरी तरी पायाला बांध, असं मी ओरडून सांगितलं. सगळे हसले. त्यानेही गंमत म्हणून पाय पुढे केला. गाठ मात्र मी जीव खाऊन मारली.

तो सरपटत आत गेला आणि छत बसलं. फारसा आवाजही झाला नाही. बाहेर उरली नुसती पिवळी दोरी. लगेच चौघे 'यल्ला, यल्ला' करत ती खेचू लागले. गाडला गेलेला माणूस असा खेचून निघत नाही, त्याचे सांधे निखळतात. मी फावड्याच्या दांड्याने त्यांच्या हातांवर मारत सुटलो, एकाचं बोट मोडलं. दोरी जिकडे जाते तिकडे खणा, आधी डोकं मोकळं करा, असं मी शिव्या देत सांगत होतो. बायका ताटांनी वाळू उपसत होत्या. माझी मुलगी सोलवटलेल्या गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी उकरत होती. डोकं सापडलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मी त्याच्या तोंडात बोटं घालून वाळू काढली, पाठीत गुद्दे घातले. तो ओकला आणि मग त्याने श्वास घेतला.

त्याचा घोटा त्या खेचाखेचीत गेला तो कायमचा. आजही तो लंगडत येतो आणि चारचौघांत सांगतो की या येड्याने दोरी बांधून माझा पाय घालवला. मुलगी चिडते, खरं काय ते सांगून टाका म्हणते. मलाही राग येतो, फार येतो, पण मी गप्प बसून ऐकतो. लाल दोरी सोडणारा तो जवान असा समोर बसून मला शिव्या देत असता, तर त्याही मी ऐकल्या असत्या.