वाकणाऱ्या पंखाचं गणित

पहूरचा हिलाल एक्क्याण्णव साली कपाशीवर औषध फवारता फवारता बांधावर कोसळला. त्याचा थोरला भाऊ रुपचंद जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. निरोप मिळताच तो दवाखान्यात जाऊन उभा राहिला. पहूरहून त्याला घेऊन जीप आली, पण हिलाल वाटेतच गेला होता.

त्यानंतर रुपचंदने पीएच.डी.चा विषय बदलला. चिमणीएवढं, पंख मारत उडणारं यंत्र शेतावरून फिरवायचं. कीड कुठे लागलीय ते त्यातल्या कॅमेऱ्याने दाखवायचं, म्हणजे तेवढ्याच तुकड्यावर औषध मारता येईल. यंत्र बांधण्याआधी पंखाभोवतीची हवा कशी वाहते, ते कॉम्प्युटरवर काढायचं होतं.

"गणितात पंख कडक धर ना," सोबत शिकवणारा बन्सीलाल म्हणाला. "लवकर सुटशील."

"पाखराचा पंख वाकतो. न वाकणाऱ्याचं गणित करून मी काय करू?"

अडचण तिथेच होती. हवा पंखाला वाकवायची, वाकलेला पंख हवेची वाट बदलायचा, आणि ती बदललेली हवा पंखाला आणखी वाकवायची. पंख हलका घेतला की आकडे भडकत आणि पडद्यावरचा पंख पार विस्कटून जाई. शेवटी त्याने प्रत्येक क्षणासाठी हवा आणि पंख यांचं गणित, दोन्ही एकमेकांशी जुळेपर्यंत, पुन्हा पुन्हा करायला लावलं. आकडे ताळ्यावर आले. पण एका फडफडीला कॉम्प्युटर आठवडाभर चाले, आणि मधेच वीज गेली की केलेलं बुडे. अशात वर्षं गेली. लग्नाचा विषय घरात कुणी काढेनासं झालं.

सत्त्याण्णवात उत्तर आलं. पंख यंत्राला जेमतेम उचलत होता. कॅमेऱ्याचं वजन धरलं की यंत्र खाली येत होतं. पंख लांब केला, मऊ केला, ताठ केला. तरी तेच.

"प्रबंधातलं हे शेवटचं प्रकरण गाळून टाक," बन्सीलाल म्हणाला.

रुपचंदने काही गाळलं नाही. पदवी मिळाली. तो पहूरला गेला, तेव्हा आईने, धुरपदाबाईने, ताट वाढता वाढता विचारलं, "मंग उडीन का ते?"

"रिकामं उडेल, माय. कॅमेरा घेऊन नाही."

"म्हंजे आपल्या कामाचं नाही."

"नाही."

तिने भाजी वाढली.

त्या वर्षी शेत गावातल्या चिंधाला बटाईने दिलं. फवारणीच्या दिवशी रुपचंद मुद्दाम बांधावर गेला आणि त्याला म्हणाला, "तोंडाला फडकं तरी बांध."

"जीव गुदमरतो, भाऊ," म्हणत चिंधाने पंप पाठीवर घेतला आणि तो कपाशीत शिरला.