छत्रीवाली पोर आणि शिवगंगाक्का

लक्ष्मीपुरीत प्रभुलिंगअण्णांचं भुसार मालाचं दुकान, आणि दुकानाच्या वरच बिऱ्हाड. दुपारी शटर अर्धं खाली आलं की अण्णा जेवून आडवे व्हायचे आणि घोरायला लागायचे. मग त्यांची बायको, शिवगंगाक्का, काय करायची? शेजारणी म्हणायच्या, झोपत असेल. कसली झोपते! चाळिशी उलटलेली ती बाई टीव्हीपुढं चटई टाकून व्हिडिओ गेम खेळायची.

यंत्र मुळात लेकीचं. विद्याश्रीनं शाळेत असताना हट्ट करून महाद्वार रोडवरनं आणायला लावलेलं. पुढं ती शिकायला सांगलीला होस्टेलवर गेली आणि ते कपाटावर पडून राहिलं. घर कसं खायला उठायचं! एक दिवस अक्कानं पुसायला म्हणून ते खाली काढलं, लेकीची आठवण म्हणून टीव्हीला जोडलं, आणि जी बसली ती बसलीच.

तिची खेळायची तऱ्हा मात्र सगळी तिचीच. आधी हात स्वच्छ धुवायचे, कारण भाकरीचं पीठ बटणांत जातं. मग गेमच्या कॅसेटला फुंकर. मोटारसायकलच्या शर्यतीत ही बाई कायम शेवटची, कारण मागचे निळे डोंगर बघायला गाडी हळू घ्यायची. ते डोंगर तिला माहेरच्या, नेसरीच्या वाटेवरचे वाटायचे. एका गेममध्ये मोठ्या माशानं लहान मासे गिळायचे असत. आता लिंगायताच्या घरात हे कसं चालावं? तेव्हा हिचा मासा उपाशीच हिंडायचा, हिरव्या पाण्यातनं, बुडबुड्यांतनं, आणि शेवटी दुसराच कुणीतरी त्याला मटकावून टाकायचा. "जाऊ दे," अक्का म्हणायची, "आपण तर न्हाय खाल्लं."

पण जीव होता तो छत्रीवाल्या पोरीच्या गेमवर. ती पोर कड्यावरनं उडी टाकायची, छत्री उघडायची आणि तरंगत तरंगत ढगांतनं खाली यायची. ती डावीकडं वळली की अक्का बसल्या जागी डावीकडं कलायची. कुकरची शिट्टी, खालचा हमालांचा गलका, दुखरी कंबर, सगळं कुठल्या कुठं जायचं. अंग कापसासारखं हलकं व्हायचं. विद्याश्रीनं एकदा फोनवर सांगितलं, "अव्वा, शेवटच्या दरवाजापलीकडं बाग आहे म्हणे. तिथं ती छत्री मिटून बसते." झालं! त्या दिवसापासून अक्काला ती बाग डोळ्यांपुढं दिसायला लागली. तिथं पोचायचं आणि त्या पोरीबरोबर घडीभर नुसतं बसायचं, एवढी एकच हौस. लग्नानंतर अशी स्वतःची हौस तिला पहिल्यांदाच लागली होती.

अडचण एवढीच की यंत्र बंद झालं की खेळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मध्येच उठावं लागलं की ती खेळ थांबवायची आणि टीव्ही तेवढा बंद करायची. यंत्राचा लाल दिवा तसाच जळत राहायचा. लाईट गेली नाही तर दुसऱ्या दुपारी तिथनंच पुढं.

नवरात्रातल्या अष्टमीला ती त्या शेवटच्या दरवाजापाशी पोचली. खरंच पोचली! आणि नेमके नेसरीचे पावणे जिन्यात हजर. अक्कानं खेळ थांबवला, टीव्ही बंद केला आणि चहा टाकला. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती लाल दिव्याकडं बघत राहिली. लाईट काही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळभर ती पुरणाच्या पोळ्या लाटत होती. अण्णांनी खाली दुकानात हत्यारांची पूजा मांडली. नैवेद्याचं ताट घेऊन अक्का खाली आली आणि उंबऱ्यातच थबकली. चौरंगावर तराजू, मापं, पोती शिवायचा दाभण, आणि त्यांच्या मधोमध तिचं यंत्र. वायर नीट गुंडाळलेली, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल.

"अय्यो शिवने!" तिच्या तोंडून निघालं. "ह्ये कुणी काढलं?"

"मी की," अण्णा खुशीत म्हणाले. "दिवा चालूच राहिलता. बंद केला, पुसलं आणि आणलं. आमची हत्यारं दरसाल पुजतो. रोज दुपारी तू ह्ये घिऊन बसतीस, तुजं हत्यार न्हवं व्हय त्ये?"

अक्काचे डोळे भरून आले. बाग गेली, त्याचं दुःख झालंच, खोटं कशाला बोला? पण या घरातल्या एखाद्या वस्तूला कुणी 'तुझी' म्हटलेलं तिनं आजवर ऐकलं नव्हतं. नेमकं कशानं रडू येतंय ते तिचं तिलाच कळेना.

अण्णा घाबरले. "काय झालं? मोडलं काय माझ्या हातनं?"

मग तिनं सांगितलं. दिवा का चालू ठेवला होता, दरवाजा कुठवर आला होता, सगळं.

अण्णा मटकन पोत्यावर बसले. "अगं, मग सांगायचं न्हाय व्हय मला?"

"तुमी इचारलं कवा?"

पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत, म्हणजे यंत्र आज सुरू करायचाही प्रश्न नव्हता. ताटातल्या पोळ्या निवत होत्या.

"बरं, आता इचारतो," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "ती पोर निघती कुठनं?"

अक्कानं पदरानं डोळे पुसले आणि ती शेजारच्या पोत्यावर टेकली. "एक माळ हाय," तिनं सुरुवात केली, "पिवळ्या गवताचा. तितं उभी असती."

"मग?" अण्णा म्हणाले.