वाघ्याचा हवापालट

कुत्रा हा मानवाचा सर्वांत इमानी सोबती आहे. हे वाक्य मी चौथीच्या मुलींकडून दरवर्षी निबंधात लिहून घेत असे आणि त्याच्यापुढे समाधानाने बरोबरची खूण करत असे. परळच्या इस्पितळात माझ्या सहा वर्षांच्या नलूच्या गालावरचा हळद-चुन्याचा लेप साबणाच्या पाण्याने काढता काढता डॉक्टरांनी विचारले, "कुत्रा कोणाचा?"

"आमच्या चाळीतल्या भाऊसाहेबांचा."

"बांधलेला असतो?"

"मालक आहे. साखळी नाही."

"म्हणजे मालकही नाही," डॉक्टर म्हणाले आणि नर्सकडे वळले. "आणखी पाणी आणा. आणि बाई, चुना कोणी लावला ते मला सांगू नका. उगाच माझे तोंड खराब होईल."

जखम बराच वेळ धुतली. नलू ओरडत होती आणि मी तिचे हात धरून बसले होते. मग डॉक्टरांनी रेबीज हा शब्द उच्चारला. रेबीज म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग. त्याचे विष जखमेतून शिरते आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चालू लागते. चावा पायाला असला तर वाट लांबची, गालाला असला तर जवळची. मेंदूत पोचल्यावर हायड्रोफोबिया होतो, म्हणजे पाणी गिळता येत नाही, पुढे पाणी पाहिले तरी घसा आवळतो.

"मग औषध काय?"

"त्याच्या आधी सुया. त्याच्यानंतर काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," ते म्हणाले. मी पुन्हा विचारणार हे ओळखून त्यांनी आधीच मान हलवली.

सुया पोटात, रोज एक, अशा चौदा. त्या मेंढीच्या मेंदूपासून करतात आणि त्यांचाही एक धोका असतो. क्वचित एखाद्याला त्यांच्यामुळेच पॅरालिसिस होतो, म्हणजे हातपाय लुळे पडतात. म्हणून कुत्र्याचे ऑब्झर्व्हेशन महत्त्वाचे. ऑब्झर्व्हेशन म्हणजे कुत्रा बांधून ठेवायचा आणि तो खातो-पितो का हे रोज डोळ्यांनी बघायचे. दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असे धरून सुया थांबवता येतात.

"कुत्र्याला मारू नका आणि सोडूही नका," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मुलीइतकंच जपा."

हे सगळे घडले कसे, ते सांगायला हवे. भाऊसाहेब लालबागच्या आमच्या चाळीचे अध्यक्ष. सभा कसलीही असो, खुर्ची त्यांची. माझे यजमान संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले तेव्हा त्यांना हार घालून भाऊसाहेबच म्हणाले होते, "तुमचे कुटुंब ही आता चाळीची जबाबदारी." भाऊसाहेब दत्तभक्त. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत असे म्हणतात. भाऊसाहेबांकडे एकच होते, पण मान चौघांचा होता. दर गुरुवारी आरतीनंतर वाघ्याला नैवेद्याचे पान लागे, आणि ते चाळीतल्या एखाद्या लहान मुलीच्या हातून ठेवले तर पुण्य अधिक. पान ठेवायचे, मागे सरायचे आणि जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार करायचा.

त्या गुरुवारी पाळी नलूची होती. तिने पान ठेवले, पण मागे सरायचे विसरली आणि तिथेच वाकली. खाणाऱ्या कुत्र्याच्या तोंडासमोर तिचे तोंड आले. कुत्र्याला वेद येत नव्हते. आपले पान कोणीतरी ओढते आहे एवढेच त्याला कळले.

मी गॅलरीतून बघत होते. मला हा प्रकार हास्यास्पद वाटायचा, पण धोक्याचा कधी वाटला नव्हता. वाचणाऱ्या आईबापांना एवढेच सांगते: जे हसण्यासारखे वाटते, त्याच्याकडे आपण नीट बघत नाही.

इस्पितळातून परतले तेव्हा वाघ्या नव्हता. चाळीतले दोघेतिघे दांडकी घेऊन त्याला शोधत होते. भाऊसाहेब मला जिन्यात भेटले.

"वहिनी, काळजी नको. वाघ्या सुरक्षित आहे."

"तो मला रोज बघायला हवा, भाऊसाहेब. डॉक्टरांनी सांगितलंय."

"लोक पिसाळलेत. पत्ता फुटला तर मारतील त्याला. मी त्याला योग्य ठिकाणी हलवलंय. रोजची बातमी तुम्हाला देईन. माझा शब्द."

शब्द त्यांनी पाळला. रोज सकाळी दाराशी येऊन सांगत, "मजेत आहे. काल दूधभात खाल्ला." मी ते इस्पितळात जाऊन सांगे.

"तुम्ही पाहिलात?" डॉक्टर विचारत.

"नाही."

"मग मला सांगू नका. ऐकीव कुत्रा मला चालत नाही."

सुईच्या रांगेत बाकावर आम्ही बसत असू. तिथे कोणी कोणाला नाव विचारत नाही. विचारतात ते फक्त, कितवी? नलू पहिल्या दिवसांत किंचाळायची, मग नुसती रडू लागली, आणि मग रडणेही थांबले. आपणहून झगा वर करून ती कुठे जागा राहिली आहे ते नर्सला बोटाने दाखवी. ती किंचाळत होती तेच मला बरे वाटायचे. भेटीच्या दिवशी तुरुंगात गेले तेव्हा यजमानांना मी "नलू पडली, गालाला लागलंय," एवढेच सांगितले. गजाआडून त्यांना काही करता येण्यासारखे नव्हते. गजाबाहेरून मलाही नव्हते.

मध्ये एक हरताळ आला. गाड्या बंद, दुकाने बंद. नलूला कडेवर घेऊन निघाले, तर नाक्यावर पोरांनी अडवले.

"बाई, आज हरताळ आहे. कुठे निघालात?"

"सुई घ्यायला."

"आज सुईपण बंद!" एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले.

मग दुसऱ्याने नलूचा गाल पाहिला. "ए, गप रे. कुत्रं चावलंय पोरीला. जा बाई तुम्ही. पुढे पोलीस आहेत, भिंतीकडनं जा."

आम्ही भिंतीच्या कडेकडेने गेलो. लांब कुठेतरी आवाज झाले. नलूने विचारले, "आई, फटाके?" मी हो म्हणाले.

आठव्या सुईनंतर तिला ताप भरला. डोके दुखते म्हणाली आणि उभी राहताना डावा पाय लटपटला. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाहिली, तळव्यावर किल्ली ओढून पाहिली, आणि मला बाहेर बोलावले.

"हा ताप सुयांचा असू शकतो. मला सुया थांबवायच्या आहेत. पण कुत्रा पिसाळलेला असेल तर थांबवून चालणार नाही. आज मला कुत्रा कसा आहे हे हवंय. ऐकीव नको."

म्हणजे सुई दिली तर पाय जाण्याची भीती, आणि नाही दिली तर मुलगीच जाण्याची. निवाडा वाघ्याच्या हातात होता, आणि वाघ्या भाऊसाहेबांच्या शब्दात होता.

नलूला नर्सपाशी ठेवून मी तडक चाळीत आले. भाऊसाहेब खाली चारचौघांना प्रांतरचनेवर काही समजावत होते.

"पत्ता द्या," मी म्हणाले.

"वहिनी, आपण घरात बसून शांतपणे—"

"इथेच द्या. नाहीतर ह्या सगळ्यांसमोर मी तुमच्या पाया पडते. कपाळ टेकवून. ते तुम्हाला आवडतं ना?"

त्यांनी पत्ता दिला. प्रभादेवीच्या गल्लीत त्यांची विधवा बहीण राहत होती. दारात दोन लहान मुले गोट्या खेळत होती आणि खांबाला सुंभाचा तुकडा बांधलेला होता. त्याचे टोक चावून तोडलेले होते.

"वाघ्या होय?" बहीण म्हणाली. "तो तर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पळाला. भाऊला तेव्हाच निरोप धाडला होता की मी."

"दुसऱ्या दिवशी?"

"हो ना. भाऊ म्हणाला होता, कुत्र्याला जरा हवापालट हवाय, समुद्राची हवा लागू दे. का हो, काय झालं?"

मी सांगितले. ती मटकन उंबऱ्यावर बसली. मग उठली आणि दोन्ही पोरांचे हातपाय, मान, कानामागे सगळे उलटसुलट करून बघू लागली. "कुठं ओरखडलाय का रे? चाटलाय का? बोल मेल्या, चाटलाय का?" तिचा आवाज चढत गेला. "हवापालट! माझ्या लेकरांत आणून बांधला, आणि म्हणे हवापालट!"

दोघांनाही घेऊन ती माझ्याबरोबर इस्पितळात आली. त्यांच्या अंगावर ओरखडा नव्हता. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "कुत्रा हरवला म्हणजे आपल्यापुरता तो पिसाळलेलाच." एक दिवस थांबून, ताप उतरल्यावर, उरलेल्या सुया दिल्या. प्रत्येक सुईनंतर मी नलूला खोलीभर चालायला लावी आणि तिच्या डाव्या पायाकडे बघत राही. पाय हळूहळू सावरला.

सुया संपल्या की संपले असे मला वाटले होते. मग डॉक्टरांनी इन्क्युबेशनचा काळ समजावला. रोग अंगात शिरल्यापासून दिसू लागेपर्यंतची ही मुदत, आणि ती कधी आठवड्यांची असते, कधी महिन्यांची.

"मग मी घाबरायचं कधी थांबवू?"

"त्याची तारीख पुस्तकात नाही, बाई."

मी तिला पाणी पिताना बघू लागले. पेला तिच्या ओठांना लागला की घोट खाली जाईपर्यंत मी तिच्या गळ्यावरून नजर काढत नसे. दिवसातून किती वेळा पाणी पाजत होते देव जाणे. पोर वैतागून म्हणे, "आई, मला तहान नाही गं!" आणि तेवढ्यानेच मी पुन्हा पेला भरी. वर्गात कुत्र्यावरचा निबंध मी बंद केला आणि गाय दिली.

भाऊसाहेबांशी मी बोलत नव्हते. ते एकदा आले आणि म्हणाले, "तुम्हाला धीर वाटावा म्हणून बोलत गेलो, वहिनी." मी दार लावून घेतले. गुरुवारची आरती चालू होती. पान मात्र आता कोणी ठेवत नव्हते.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी नलू शाळेतून आली आणि निजली. अंग तापले होते. मी पाणी पुढे केले. तिने घोट घेतला, घशाला हात लावला आणि कळवळून सगळे पाणी बाहेर टाकले. दुसरा पेला तिने हातानेच ढकलला. लाळ गळू लागली. ती गिळत नव्हती.

मी ओरडले असणार. काय ओरडले ते आठवत नाही. लोक दारात गोळा झाले आणि सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे कोणी पुढे येईना. तेवढ्यात भाऊसाहेब गर्दीतून आत घुसले. धोतर सुटत होते, पायात काही नव्हते. त्यांनी नलूला उचलले आणि तिचे तोंड आपल्या खांद्यावर घेतले. "लाळ लागेल, भाऊसाहेब," कोणीतरी म्हणाले. "लागू दे!" ते ओरडले आणि जिना उतरले.

रस्त्यावर मोर्चा होता. घोषणा चालू होत्या आणि भाऊसाहेबांना ओळखणारे पुष्कळ होते. "भाऊसाहेब, पुढे या, पुढे या," असे हात करत होते. ते कोणाकडेही न बघता कोपराने वाट काढत गेले. त्यांना धाप लागली होती. मध्येच ते नलूला म्हणत होते, "बाळ, थोडं राहिलं हं, थोडंच राहिलं," आणि रडत होते. मी मागून धावत होते. मला रडूही येत नव्हते.

तेच डॉक्टर होते. त्यांनी आम्हा दोघांना बाजूला केले, नलूचे तोंड उघडले, आत पाहिले, मग कानाखाली दोन्ही बाजूंना बोटे दाबली. ती ओरडली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिले.

"मम्प्स," ते म्हणाले.

हा शब्द मी ऐकला नव्हता. मी जमिनीवरच बसले आणि विचारले, "किती वेळ आहे?"

"आठवडाभर. गालगुंड, बाई. गालगुंड झालंय. शाळेत साथ आहे. शेक द्या आणि पातळ पाजा."

त्या डॉक्टरांचे, त्या नर्सचे आणि भिंतीकडनं जा म्हणणाऱ्या त्या पोराचे ऋण मी जन्मभर विसरणार नाही. भाऊसाहेबांचे कोणत्या बाजूला मांडायचे हे माझे अजून ठरलेले नाही. ते इस्पितळाच्या पायरीवर डोके धरून बसले होते. मी त्यांना गालगुंड आहे म्हणून सांगितले, तेव्हा त्यांनी आकाशाकडे हात जोडले आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

गालगुंड लाळेतून पसरते. अडीच आठवड्यांनी भाऊसाहेबांचे दोन्ही गाल सुजले, आणि नाक्यावरची जाहीर सभा अध्यक्षीय भाषणाशिवाय वेळेवर संपली.