झाकणावरचा हात

सुशीलाबाई साळवे गेल्याचं मला आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. सकाळचा चहा गाळत होते, तेवढ्यात सेक्रेटरीसाहेबांचा मेसेज आला. 'आपल्या प्रिय भगिनी प्रभूमध्ये झोपी गेल्या. अंत्यविधी आज दुपारी चार वाजता. कृपया वेळेवर यावे.' पाठोपाठ जोडलेले हात, पांढरी कबुतरं, मेणबत्त्या... आणि मग सुरू झाले गोडवे. किती शांत होत्या बाई, किती सोशीक, कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. वाचता वाचता रडू यायच्या आधी मला संताप आला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. बाई शांत नव्हत्या, सोशीक तर मुळीच नव्हत्या. उलट बोलण्यात त्यांचा हात धरणारं सबंध हैदराबादेत कुणी नव्हतं, आणि गेली काही वर्षं त्या ज्यांना ज्यांना उलट बोलल्या, तीच माणसं आता कबुतरं पाठवत होती. म्हणून, दीड महिना झाला तरी राग उतरत नाही म्हणून, हे लिहायला बसले आहे.

बाई मला आठवीत मराठी शिकवायला होत्या. सुलतान बाजारातल्या त्या शाळेत तेव्हा मराठीचे वर्ग भरत असत. कापडाच्या दुकानांतून वाट काढत आम्ही शाळेत पोचायचो, तर बाई दारातच उभ्या असायच्या. घराणं जालन्याकडचं, वडिलांच्या नोकरीमुळे इकडे आलेलं. लग्न केलं नाही, अंबरपेठेत दोन खोल्यांत राहिल्या. शाळेत व्याकरण आणि रविवारी आमच्या मराठी मंडळीत पवित्र शास्त्राचा वर्ग, असा त्यांचा आठवडा. आबिड्सच्या मागच्या गल्लीतलं चर्च आमचं एकट्याचं नाही. सकाळी तेलुगू आणि इंग्रजी उपासना होतात, त्यानंतर आम्ही. आता आमच्या पोरांना मराठी वाचता येत नाही, गीतं पडद्यावर इंग्रजी अक्षरांत येतात. बाई पडद्याकडे पाठ करून पाठ असलेलं गात, आणि तेही शेजारच्याचा सूर चुकेल इतक्या मोठ्याने.

पहिल्या मंडळीबद्दल, म्हणजे अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांबद्दल, त्या बोलायच्या तेव्हा ती माणसं दोन हजार वर्षांपूर्वीची वाटायचीच नाहीत. करिंथ म्हणजे काय, तर बंदराचं गाव, बाजारपेठ, आपल्या कोटी-सुलतान बाजारासारखी गर्दी. देऊळ नाही, चर्च नाही, कुणाच्या तरी घरात जमायचं. तेव्हा प्रभुभोजन म्हणजे आपल्यासारखी चिमूटभर भाकर आणि घोटभर द्राक्षरस नव्हता, पोटभर जेवण होतं, आणि त्या जेवणातच ती भाकर मोडायची, तो प्याला फिरायचा. घरंदाज लोक लवकर यायचे, त्यांना काय, वेळच वेळ. गुलाम, हमाल, धुणंभांडी करणाऱ्या बाया मालकाने सोडल्यावर यायच्या. तोवर भांडी रिकामी झालेली, आणि आधी आलेले पोट फुगवून, प्यायलेले पसरलेले. हे ती मंडळी उभी करणाऱ्या प्रेषिताच्या कानावर गेलं आणि तो असा भडकला की त्याने पत्रात लिहिलं, तुम्ही जे जेवता ते प्रभूचं जेवणच नव्हे. बाई इथे थांबायच्या आणि आमच्याकडे बघायच्या. मग म्हणायच्या, "आणि एवढं रागावून त्याने मागितलं काय? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. बस्स. डोंगर उचलायला नाही सांगितला, अर्धा तास मागितला."

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रीतिभोजन असतं. उपासना संपते बाराला, मागच्या हॉलमध्ये घराघरातून आलेली पातेली मांडली जातात. पण आमच्यातल्या काही बायांना बाराला यायला जमत नाही. कुणी हिमायतनगरला घरकाम करतं, कुणी दवाखान्यात आया आहे. मरियाबाई त्यातल्याच. एका खासगी दवाखान्यात त्यांची ड्यूटी सकाळी सहा ते दोन, तिथून बस पकडून हॉलमध्ये पोचेपर्यंत अडीच. रविवारची सुट्टी त्यांना मिळत नाही. बाईंनी काय करावं? टेबलाजवळ उभं राहून सगळ्यात मोठ्या पातेल्याच्या झाकणावर हात ठेवावा आणि म्हणावं, "थांबा. अजून माणसं यायची आहेत." पोरं भुकेने किरकिरायची, तर त्यांना केळी देत. मधुमेहवाल्यांना बिस्किटं देत. मोठ्यांना काहीही नाही. वर्षानुवर्षं असं चाललं, आणि आम्ही नाकं मुरडत का होईना, थांबलो. अडीचला मरियाबाई आणि आणखी तिघीचौघी घामाघूम होऊन आत आल्या की बाई हात उचलायच्या.

मग कमिटी बदलली. नवे सेक्रेटरीसाहेब निवृत्त इंजिनीयर, माणूस वाईट नाही, बाईंना शेवटी दवाखान्यात नेलं ते त्यांच्याच गाडीतून. पण प्रत्येक गोष्ट टायमावर लागणारा. एका पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर ते म्हणाले, "बाई, कायको परेशान करता सगळ्यांना? टायम म्हणजे टायम. एक वाजता जेवण सुरू."

"आणि मरियाबाई?"

"त्यांचं काढून ठेवू ना. डब्यात."

"काढून ठेवलेलं कुत्र्या-मांजराला देतात, साहेब. माणसाला बरोबर बसवतात."

"पण त्या उपासनेला येतात कुठे? खाली जेवायपुरत्या येतात!"

बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला, तो मला अजून दिसतो. त्या म्हणाल्या, "तिची उपासना पहाटे सहाला सुरू होते. तुमच्या-माझ्यासारख्यांची बेडपॅन धुऊन ती येते. आपण बाकावर बसून चार गीतं म्हटली म्हणून आपलं पोट आधी पवित्र झालं का?"

पुढच्या महिन्यात कमिटीची सभा झाली. एक वाजता जेवण, असा ठराव. कुणाची हरकत? असं विचारलं गेलं. बाईंचा हात वर होता. माझा नव्हता. मी चाळीस वर्षांपासूनची त्यांची विद्यार्थिनी, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली, आणि मी पर्सची चेन उघडझाक करत होते. मला वाटलं, एवढं काय त्यात? मलाही भूक लागते. शिवाय बाईंच्या हट्टापायी दोन-तीन घरं इंग्रजी उपासनेला जायला लागली होती, ते काही खोटं नव्हतं. बाई वाकत नसत. दोन पावलं मागे येऊन कुणाला समजावणं त्यांना कधी जमलं नाही, आणि त्याचाही मला राग आहे. जरा गोड बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? त्यानंतर पहिल्या रविवारी बाई हॉलमध्ये एका कोपऱ्यात स्वतःचा डबा मांडीवर घेऊन बसून राहायच्या. एकला सगळे जेवायचे, त्या अडीचला, मरियाबाईंबरोबर, त्याच डब्यातून. काढून ठेवण्याचं दोन महिने कुणाच्या तरी लक्षात राहिलं, तिसऱ्या महिन्यापासून पातेली धुऊन पालथी.

शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्या अंबरपेठेच्या घरी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. बोलताना धाप लागत होती. मी आपलं इकडचं तिकडचं बोलत होते, चर्चला रंग काढला, नवीन पंखे आले. त्यांनी मध्येच मला थांबवलं. "तुला राग येत नाही का गं?" मी म्हटलं, कशाचा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेच म्हणते मी," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं... वर्गात मी पाठ न करता गेले की त्या अशाच बघायच्या. मी चिडून घरी आले. आजारी माणसाने इतकं टोचून बोलावं का, असं नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

स्मरणार्थ उपासना महिन्याच्या पहिल्याच रविवारी ठेवली. पुण्याहून बाईंचा भाचा आला होता, जेवण त्याच्यातर्फे. केटररची बिर्याणी, बगारा भात, दालचा, खुबानी का मीठा. उपासनेत सेक्रेटरीसाहेब बोलले, चर्चचे पाळकसाहेब बोलले. बाईंनी पहिल्या मंडळीचा कित्ता कसा गिरवला, एकत्र जेवणाची परंपरा कशी जपली, आपण सर्वांनी त्यांचा आदर्श कसा पुढे नेला पाहिजे. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आणि मग एक वाजता, त्याच हॉलमध्ये, बाईंच्या हार घातलेल्या फोटोसमोर सगळे जेवायला बसले. ठीक एक वाजता. बाईंच्या नावाचं जेवण, आणि दोन तास थांबायला एक माणूस तयार नाही! अरे, निदान आजच्या दिवशी तरी?

एवढं लिहून मी इथे थांबले असते, तर हा लेख छान झाला असता. साहेब खोटे, पाळक खोटे, मी तेवढी खरी. पण सेक्रेटरीसाहेबांच्या मिसेसनी "घ्या ना हो, गरम आहे" म्हणून प्लेट हातात दिली, आणि मी ती घेतली. तिळपापड झालेल्या अंगाने बिर्याणी खाल्ली. चांगली होती. खुबानी का मीठा दोनदा घेतला.

पावणेतीनला केटररची माणसं बिर्याणीची रिकामी डेग टेम्पोत चढवत होती, तेव्हा मरियाबाई आल्या. एकट्याच होत्या. बाकीच्या तिघीचौघी ठरावानंतर हळूहळू यायच्या बंद झाल्या होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या, पदर डोळ्यांना लावला. मग वळून रिकाम्या टेबलांकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, आणि बोलाव्यात, असंही वाटलं. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जेवल्या का, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, मला सांगता येणार नाही. लाज वाटली, एवढंच. त्यांचा चेहरा उजळला. "हौ का? बरं झालं. चला मग." हॉलच्या मागच्या पायरीवर त्यांनी मला बसवलं आणि पिशवीतून डबा काढला. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, अंबाडीची भाजी, कांदा. मी विचारलं, "डबा आणलात?" त्या म्हणाल्या, "बाई पलंगाला लागल्यापासून आणते मी. काय की ताई, आता कोण थांबतंय." चिडून नाही, बस लेट आहे हे सांगावं तसं सांगितलं त्यांनी. एक भाकरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली, त्यातल्या त्यात न करपलेली, भाजी झाकणात मला जास्त वाढली. पहाटे चारला उठलेली, आठ तास उभी राहिलेली ती बाई डबा पुढ्यात घेऊन नुसती बसली, मी पहिला घास घेईपर्यंत तिने भाकरीला हात लावला नाही. मी घेतला. कंठाशी आलेल्या बिर्याणीवर मी उपाशी बाईची भाकरी खाल्ली, सगळी खाल्ली, कारण टाकली असती तर खोटं उघडं पडलं असतं.

महिनाभर मी कमिटीवर चिडत होते. ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहायचे आणि न पाठवता पुसून टाकायचे. मग कळलं की हा राग सोयीचा आहे. बाईंनी ज्या रागाबद्दल विचारलं होतं, तो वेगळा. त्यांचा राग त्यांना दोन-अडीच तास उपाशी उभं करायचा, माझा मला घरबसल्या मोठं करत होता.

गेल्या पहिल्या रविवारी एक वाजता हॉलमध्ये प्लेटा वाजायला लागल्या तेव्हा मी बाहेर त्या पायरीवर जाऊन बसले. सेक्रेटरीसाहेब दारातून म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही पण सुरू झाल्या का?" मी हो म्हटलं. तोंडावर त्यांना पहिल्यांदाच काहीतरी म्हटलं, ते एवढंच. पोटात कावळे ओरडत होते, डोकं दुखत होतं, दोन वाजता उठून जावंसं वाटलं. बाई हे दर महिन्याला करायच्या, सत्तरी उलटल्यावर. पावणेतीनला मरियाबाई आल्या. त्या डबा उघडायच्या आत मी सांगून टाकलं. "मरियाबाई, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी जेवले होते. पोटभर."

त्यांनी पिशवीत घातलेला हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसल्या.

"मला मालूम होतं ना, ताई. तुमच्या हाताला बिर्याणीचा वास येत होता."

"मग भाकरी का दिलीत मला?"

"मग काय," त्या म्हणाल्या, "एकटी जेवू?"