खाऱ्या पाण्याचं मडकं

बंडीला बैल जुंपले तेव्हा मायनं माझ्या मांडीवर एक लहानसं मडकं आणून ठेवलं. तळाशी ज्वारीच्या दारूचा साका, खाली बसलेला गाळ होता, तोंडाला फडकं बांधलेलं. "हे घासू नोको, बाई. यातूनच पुढची लागते," एवढंच म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली. वरुडाकडून अकोल्याला पोचेपर्यंत मी ते मडकं खाली ठेवलं नाही.

गावात मागं राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटलं आम्ही मजेत आहोत. विलायतेला कापूस पुरेना, अकोल्यात हाताला काम वाढलं, म्हणून आम्ही निघालो. माझा नवरा रुईच्या गासड्या उचलायचा. संध्याकाळी केसांत रुई घेऊन यायचा आणि भिंतीला टेकायचा. मीही दिवसभर सरकी निवडून तशीच टेकायची. दोघांत बोलायला उरायचं काय? गावी सोंगणी आटोपली की माय ही हलकी, पांढुरकी दारू लावायची. पहिली वाटी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर ओतायची, मग माणसांनी प्यायची. वाटलं, तेवढं तरी इथं करू.

पण मला कुठं येत होतं! घरी मी नुसती ढवळायला. ज्वारीला मोड आणायचे, वाळवून भरडायचं, शिजवून, निववून साक्यावर ओतायचं. ऐकायला सगळं सोपं. पहिल्या खेपेला मोडच आले नाहीत, दाणे बुळबुळीत होऊन कुजले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इकडं मडक्यातला साका वाळत चालला. तो मेला की मायचं माझ्याजवळ काहीच राहणार नव्हतं, या भीतीनं मी रडले.

शेवटी शेजारच्या गंगूबाईनं हटकलं, "काहून रडतं वो बाई? इथल्या हिरीचं पानी खारं हाये. त्यात मोड कसे येतीन?" आमच्यासारख्या डोंगराकाठच्या माणसाला पाणीसुद्धा परकं असतं हे ठाऊक कुठलं? लांबून एक घागर गोडं पाणी आणलं, ज्वारी भिजवण्यापुरतं. बाकी सगळं खाऱ्यातच.

या खेपेला मडक्यात बुडबुडे आले. पहिली वाटी घेऊन बाहेर गेले आणि थबकले. इथं आमचा धुरा कुठला? भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी ओतली. नवरा म्हणाला, "गावची नाई हे." पण वाटी रिकामी केली, आणि त्या दिवशी थोडं बोललाही.

दोन-तीन वर्षांनी गावाहून माझा भाऊ कापसाची बंडी घेऊन आला. अंगावर नवा सदरा, पायात नवा जोडा. मी वाटी दिली. "खारट हाये," म्हणाला, आणि वाटी पुन्हा पुढं केली.

"माय लावते ना?" मी विचारलं.

"कायची लावते? साऱ्या वावरात कापूस पेरला. खायची ज्वारी इकत आनतो आमी. तिचं मडकं वाळून तडकलं."

मला राग आला नाही, फार थकल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी ज्या घराची चव धरून बसले होते, ती त्या घरातच उरली नव्हती.

सकाळी त्यानं बैल जुंपले. मी नव्या मडक्यात साका काढला, फडकं बांधलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घासू नोको, भाऊ. अन् मायले सांगजो, खारट लागन, पन आपलीच हाये."