आमचा न्हाई तो केक

दिवाळीच्या पणत्या उचलून ठेवल्या की मी नाताळचा हिशोब मांडायला बसते. आता लातूरला तो मोबाइलवरच होतो. कपडे, फराळ, चर्चचं दान, पाहुण्यांचं जेवण. केकपुढे आकडा टाकायची वेळ आली की मात्र हात थांबतो आणि मन नांदेडला जातं.

तिथं आमच्या घरी हा हिशोब जूनमध्येच सुरू व्हायचा. शाळेची पुस्तकं घेऊन झाली की आई दर महिन्याला पन्नास ग्रॅम काजू आणायची, तेही तुकडा. ते तांदळाच्या डब्यात तळाशी जायचे. आम्हा तिघा भावंडांना जागा ठाऊक होती, म्हणून ती मोजून ठेवायची. कपड्यांचं कापड दिवाळी सरल्यावर, भाव उतरले की घ्यायचं, आणि तिघांना एकाच ताग्यातलं. चर्चमध्ये आम्ही बँडवाले दिसायचो. मला त्याचा भयंकर राग यायचा. आज तसलं कापड कुठं दिसलं तर मी दुकानाबाहेर उभी राहते.

मी चौथीत असताना बाबांची नोकरी सुटली. आईनं यादीतून एकेक काढायला सुरुवात केली. कापड गेलं, रोषणाई गेली, करंज्याही गेल्या. केक तेवढा तिनं ठेवला.

"लेकरांना नाताळ आला एवढं तरी कळू दे," म्हणाली.

तेव्हा ओव्हन कुणाकडं? आमच्या वस्तीतली ख्रिस्ती घरं कालवलेलं मिश्रण घेऊन बेकरीवाल्या चाचांकडं जायची. सकाळचे पाव निघाले की चाचा भट्टी आम्हाला द्यायचे. डबे त्यांचेच, सगळे सारखे काळे. म्हणून प्रत्येक घर आपल्या डब्याला तारेनं पत्र्याचा तुकडा बांधायचं, त्यावर खिळ्यानं कोरलेली खूण. फक्त दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आयाबाई खूण बांधायच्या नाहीत. "मागं उरंल तो माझा," म्हणायच्या.

त्या वर्षी खूण बांधायचं काम माझ्याकडं आलं आणि मी शहाणपणा केला. गंजका पत्रा नको म्हणून सुंदर अक्षरात कागदाची चिठ्ठी लिहिली आणि खळीनं डब्याला चिकटवली. भट्टीत तिची राख झाली. दुपारी पाहते तर बिनखुणेचे दोन डबे. विचारायची लाज वाटली, म्हणून त्यातला एक उचलला आणि घरी आले.

आईनं सुरी घातली आणि केळ्याचा वास सुटला. अर्धापूरची केळी कुस्करून केक करणाऱ्या आमच्यात एकट्या आयाबाई. आई काही बोलायच्या आत दोघा भावांनी निम्मा केक फस्त केला होता.

तेवढ्यात दारात आयाबाई. हातात टॉवेलात गुंडाळलेला केक.

"पोरी, हा तुझा का गं? काजू हायेत यात. सहा घरं फिरून आले. उद्या चाकूरहून पोरगा येणार हाय, सुनेला घेऊन. लग्नानंतर पहिल्यांदाच. माझा केक घावला म्हणजे बरं."

आईनं ताटातला निम्मा केक पदराआड केला. "आमचा न्हाई तो, मावशी. चाचांनीच घातले असतील काजू. तुमचाच हाय, घेऊन जा."

सहा महिने काजू मोजणारी माझी आई हे बोलत होती. माझं डोकं फिरलं. मी मागच्या दारानं पळाले, कोपऱ्यावर आयाबाईंना गाठलं आणि सांगून टाकलं, "आजी, केक आमचा हाय. आई लबाड बोलली." त्यांनी केक माझ्या हातात दिला. रिकाम्या हातानं त्या घराकडं वळल्या आणि मी केक घेऊन घरी आले.

आई मारेल असं वाटलं होतं. तिनं टॉवेलाची गाठ पुन्हा घट्ट केली.

"जा. त्यांना सांग, ‘आजी, काजू बघून मीच लबाड बोलले.’"

"पण मी खरं बोलले!"

"हाव. ठाऊक हाय मला. जा आता."

मी रडत गेले आणि रडतच ते वाक्य म्हटलं. आयाबाई इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांची सून आमच्याच केकची बशी घेऊन आमच्याकडं आली आणि आईनं तिला केक कसा केला ते अगदी बारकाईनं विचारलं.

त्यानंतर आयाबाई होत्या तोवर मी दिसले की चारचौघांत हाक मारायच्या, "आली का गं केकचोट्टी?" आई शेजारीच असायची. पदर तोंडाला लावून हसायची, आणि माझी बाजू तिनं एकदाही घेतली नाही.