चौकटीत न मावलेला वारा

फोन भाचीचा होता. "मामी, आई गेली." आमच्या वयाला या शब्दाचा एकच अर्थ उरलेला असतो, तरी मी विचारलं, "कुठं?" ती रडता रडता थबकली. शकू ऐकत असती तर म्हणाली असती, वैनी, तुमी काई सुधारणार न्हाईत... शकू माझी नणंद. वयानं माझ्याएवढी, अकलेनं बरीच पुढं. हे मी तिच्यासमोर एकदाही बोलले नाही. तिला ते माहीतच होतं.

या काही आठवड्यांत मला सारखा सत्तरच्या दशकातला एक वैशाख आठवतोय. झरीचं आमचं घर, पांढरं पडलेलं आभाळ, दुपारी कडुलिंबाची सावलीसुद्धा झोपेत असल्यासारखी. मी नवी सून, मॅट्रिक पास. भाकरी करपली तरी ती शिकलेल्या हातानं करपली असं मला वाटायचं. शकू तेव्हा पुण्याला हवामानाच्या कचेरीत होती. तिथं एक मोठं गणितयंत्र उद्याचं हवामान आजच काढायचं, आणि ही त्याला गणितं घालायची. ती सुट्टीवर आली आणि पाठोपाठ गंगाखेडचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, घर चांगलं, अट एकच, नोकरी सोडायची. सासऱ्यांना आम्ही सुना मामा म्हणायचो, शकू दादा म्हणायची. लेकीला शाळेत घालताना, मग शहरात धाडताना त्यांनी भावकीचं कुणाचंच ऐकलं नव्हतं. पण आता तेही होकाराला आले होते, कारण आदल्याच आठवड्यात रेडिओनं कोरडी हवा सांगितली आणि त्याच दुपारी आमच्या स्वयंपाकघराचे पत्रे वावटळीनं उचलून शेजाऱ्याच्या बांधावर नेऊन ठेवले.

"शके, तुजी मशीन काय करायली होती तवा?" मामांनी विचारलं. "मानसं मला इचारतेत, पोरगी काय काम करती. मी काय सांगू?"

"सांगत न्हाई दादा, दावते," शकू म्हणाली.

तिनं चुलीतली राख घेतली आणि अंगणभर चौकटी आखल्या. सारवलेल्या जमिनीवर राखेच्या रेघा, जणू कुणी मोठ्ठं जाळं वाळत घातलंय. गल्लीतल्या बाया बोलावल्या, एकेका चौकटीत एकेक उभी केली आणि प्रत्येकीच्या पदरात फुटाणे मोजून घातले. फुटाणे म्हणजे हवेचा दाब. तिनं टाळी वाजवली की जिच्याकडे जास्त तिनं शेजारणीला द्यायचे, ठरल्या नियमानं. एक टाळी म्हणजे काही तास. "मशीन हेच करती," ती म्हणाली, "पन सगळ्या देशाचं, आन् चौकटी एवढ्या मोठ्या की आपला आख्खा परभणी जिल्हा एकीत बुडून जाईल."

ती दुपार म्हणजे मला अजून स्वप्नच वाटतं. टाळी वाजायची, पदर हलायचे, कुजबुज व्हायची, आणि हवामान एका बाईकडून दुसरीकडे सरकत जायचं... चार-पाच टाळ्यांनंतर मात्र हिशेब लागेना. शकूनं सगळ्यांचे पदर तपासले आणि माझ्यापाशी येऊन थांबली. माझे गाल फुगलेले होते.

"वैनी," ती शांतपणे म्हणाली, "तुमी परभणीचं हवामान खाल्लंत."

बाया हसून लोळायच्या बाकी होत्या. मी मॅट्रिकच्या तोऱ्यात म्हटलं, "भाजलेलं छान होतं." मामासुद्धा मिशीत हसले. मग त्यांनी नेमकं बोट ठेवलं. "समदं खरं. पन माजे पत्रे उडिवनारा वारा यात कुठं हाय?"

शकूनं माझ्या चौकटीत एकच फुटाणा टाकला. "हा वादळाचा ढग, दादा. एवढासाच. वैनीकडं आख्ख्या चौकटीसाठी आकडा एकच हाय, मग हा ढग तिला कळनार कसा? आमी काय करतो, 'या चौकटीत कुठंतरी ढग असंल' असं धरून त्याचा पाऊस चौकटभर वाटून टाकतो. पाऊस तसा वाटता येतो. वारा न्हाई येत."

"का?"

ती बाजेवर चढली आणि पाण्याची घागर वरून एकदम पालथी केली. पाणी धाडकन पडलं आणि चारी बाजूंनी पसरलं. पसरताना त्याच्या पुढच्या कडेला धूळ, काड्या, फुटाण्यांची सालं ढकलली जात होती. "पाऊस पडताना ढगातली हवा गार पडती, जड बनती, आन् अशीच खाली आदळती. मग जिमिनीवरून पळती. पाऊस कोसभर लांब असला तरी तिची ही कड आदी येती. ह्या कडेनं पत्रे नेले. आमच्या चौकटीत तिला जागाच न्हाई."

पाणी मामांच्या पायांपर्यंत पोचलं होतं. त्यांनी पाय काढला नाही. "म्हंजी तुमच्या मशिनीला हे दिसतच न्हाई?"

मी शकूच्या मागेच उभी होते. मी तिच्या कमरेत कोपर मारलं आणि पुटपुटले, "हो म्हन की. दिसतं म्हन. त्यांला काय कळतंय?" त्या एका उत्तरावर तिचं पुणं टांगलेलं होतं, माझ्यासारख्या दीडशहाणीलाही एवढं समजत होतं.

"न्हाई दिसत, दादा," शकू म्हणाली.

बाया पदरातले फुटाणे तसेच धरून उभ्या राहिल्या. मामा राखेच्या एकेका चौकटीवरून चालत गेले, रेघ न मोडता, लहान मुलासारखे जपून पाय टाकत. पार टोकाला पोचले आणि तिथूनच विचारलं, "हे भोक बुजायला किती दिस लागतेल?"

"दिस न्हाई, वरसं. लय वरसं. माज्या हयातीत हुईल का, ते बी सांगता येत न्हाई."

"मग गंगाखेडला संसार करीत बसून कसं जमंल ते?" मामा म्हणाले. आणि गंगाखेडला नकार कळवायला ते स्वतः गेले.

पुढं शकूनं लग्न केलं, आपल्या पसंतीनं, आपल्या सवडीनं. काम सोडलं नाही. दर भेटीत मी विचारायची, चौकट केवढी झाली? ती हातांनी दाखवायची आणि तिचे हात दरवर्षी थोडे जवळ यायचे. शेवटी शेवटी म्हणाली, आता एकेका ढगात बऱ्याच चौकटी बसतात, वाऱ्याची कड पडद्यावर आपोआप उमटते. कधीकधी मात्र चुकीच्या गावावर, तासभर आधी. "म्हंजे झरीचा वारा पिंगळीला," मी म्हटलं. "पन सुटतो तरी," ती म्हणाली.

परवा भाचीबरोबर तिच्या पुण्याच्या खोलीत गेले. पश्चिमेच्या खिडकीखाली खुर्ची आहे. त्या खिडकीची चौकट पावसानं काळी पडलीय, लाकूड फुगून फळी आता लागतच नाही. भाची म्हणाली, आईनं वैशाखात ती कधी लावू दिली नाही. कड येताना तोंडावर घ्यायची असायची. सुताराला बोलावते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. मग खुर्चीत बसले. दुपार होती, आभाळ पांढरं होतं, काहीच येत नव्हतं. भाचीनं दोनदा चहाला हाक मारली. मी म्हटलं, थांब जरा.